झेलिपामावशीने पाहिलेली सिंहीण

लुआंग्वा नदीकाठच्या आमच्या कॅम्पवर झेलिपामावशी स्वयंपाक करायची. मी पाहुण्यांना सिंह दाखवायला पहाटे जीप काढायचो तेव्हा ती पाव भाजत असायची, आणि परत यायचो तेव्हा ताटं वाढत असायची. इतक्या वर्षांत तिने डरकाळ्या भरपूर ऐकल्या, सिंह एकदाही पाहिला नाही. पाहायचाही नव्हता. गावाकडची तिची गाभण शेळी सिंहाने नेली होती. "चोराचं तोंड काय बघायचं?" म्हणायची.

हंगाम संपून पाहुणे गेले, तसं मालकांनी मला स्वयंपाकघरातल्या मंडळींना फिरवून आणायला सांगितलं. मावशी नाहीच म्हणत होती. भांडी घासणारा लाझारो म्हणाला, "राहू दे, मावशी घाबरली." तशी कमरेला गुंडाळलेलं चितेंगेचं कापड घट्ट करून ती जीपमध्ये चढली.

कोरड्या ओढ्यात सिंह पहुडले होते. मी जीप थांबवली. एक सिंहीण उठली, सावकाश चालत आली आणि जीपच्या सावलीत, बरोबर मावशीच्या पायाखाली आडवी झाली. आमच्या जीपला ना दारं, ना काचा. शिवाय तिचं शेपूट चाकापुढे पसरलेलं, त्यामुळे गाडी हलवायची सोय नव्हती.

"कुणी उठू नका," मी कुजबुजलो.

लाझारोचे ओठ पांढरे पडले. "आता चिडव की," मावशी त्याला हळूच म्हणाली.

मग ती खाली बघत राहिली. सिंहिणीच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. फाटक्या कानावर माश्या बसत होत्या.

"अरे, हिच्या सडांना दूध आहे," मावशी म्हणाली. "बाळंतीण आहे ही."

"पिल्लं लव्हाळ्यात लपवली असतील," मी म्हणालो.

"मग इथे कशाला पडलीय?"

"दमली असेल."

"दमेलच. पोरांपासून घटकाभर सुटका नको?"

सावली सरकली तशी सिंहीण उठली, आळस दिला आणि लव्हाळ्याकडे निघून गेली. आम्ही कॅम्पवर परतलो. मक्याच्या पिठाची न्सिमा आणि सुकी मासळी जेवताना मावशीने मागे राहिलेल्यांना सगळं साग्रसंगीत सांगितलं. लाझारोच्या ओठांचं तर दोनदा.

सिंहांबद्दलचं तिचं मत काही फार बदललं नाही. पण पुढच्या हंगामात मी परतलो की चहा ओतताना विचारायची, "ती दिसली का? पोरं कशी आहेत?"

एकदा मला सांगावं लागलं, "एकच पिल्लू उरलंय, मावशी."

तिने किटली खाली ठेवली. "मोठं झालंय का?" तिने विचारलं.

"झालंय. आता शिकारीला मागे मागे जातं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि माझ्यासमोर कप ठेवला.