फेडण्याची घाई

आमचा फ्लॅट पाथर्डी फाट्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर. घेतला तेव्हा कर्ज वीस वर्षांचं होतं. किल्ली हातात आली त्या दिवशी माझे मिस्टर रिकाम्या हॉलमध्ये उभे राहून म्हणाले, "हॉल बँकेचा, बेडरूम बँकेची. आपला फक्त देव्हारा." आम्ही खूप हसलो. मुलगी तेव्हा बालवाडीत होती.

ते अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. तयार झालेला सुटा भाग हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा आणि कुठं चीर किंवा ओरखडा आहे का ते बघायचं, हे त्यांचं काम. मी पिंपळगावला हायवेवरच्या एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात जायचे. दोन पगारांत हप्ता जाऊन महिना नीट निघायचा.

सुरुवातीला काटकसर म्हणजे आमचा खेळच होता. बाजार उठताना भाजी घ्यायची, म्हणजे उरलेल्या जुड्या निम्म्या भावात मिळायच्या. दिंडोरीहून माझा भाऊ कांदे, द्राक्षं पाठवायचा. दिवाळीचा बोनस सरळ कर्जात जायचा. तो भरून आलं की मिस्टर हॉलची एक भिंत थोपटून म्हणायचे, "ही आता आपली झाली." पुढच्या दिवाळीला दुसरी भिंत. मुलगी विचारायची, "पप्पा, बाथरूम कधी आपलं होणार?"

मग एका उन्हाळ्यात कारखान्यात डोळे तपासायचं शिबिर झालं. संध्याकाळी मी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"काही नाही. नंबर थोडा वाढलाय."

जेवताना ते ताटाकडे बघतच म्हणाले, "उरलेलं कर्ज लवकर संपवून टाकू. जितकं लवकर जमेल तितकं."

"अहो, एवढी कसली घाई?"

"आहे घाई," ते म्हणाले आणि उठले. नवा चष्मा काही त्यांनी केला नाही.

त्यानंतर घरातून एकेक गोष्ट जायला लागली. आधी टीव्हीचं रिचार्ज बंद झालं. मग स्कूटर विकली. "पेट्रोल वाचेल, चालणंही होईल," म्हणाले. मुलीची सहल रद्द झाली. लग्नाकार्याला आहेर देऊन जेवायच्या आत परत यायचं, म्हणजे शेअर रिक्षा मिळते आणि स्पेशल करावी लागत नाही. ओव्हरटाइम मिळेल तेवढा ते घ्यायचे. कर्ज भराभर खाली येत होतं, पण भिंती थोपटणं थांबलं होतं. बँकेतून आले की खुर्चीत बसून राहायचे आणि मी काही विचारलं की दचकायचे.

एकच गोष्ट या सगळ्यात बसत नव्हती. पंखासुद्धा जपून लावणारा हा माणूस भर दुपारी पॅसेजमधला दिवा लावून ठेवायचा. मी बंद केला की पुन्हा लावायचा.

"दिवसा कशाला?" मी एकदा चिडून विचारलं.

"राहू दे," ते म्हणाले. आवाज इतका वेगळा होता की मी पुन्हा दिवा बंद केला नाही.

ताटाच्या उजवीकडे ठेवलेला पाण्याचा पेला हमखास सांडायचा. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा जिन्यात मला म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांचं काही बिनसलंय का गं? समोरून गेले तरी ओळख देत नाहीत." मी म्हटलं, कामाचा ताण आहे. पण त्या दिवसापासून ते घरात चालताना मी बघायला लागले. उजवा हात भिंतीला लागलेला असायचा. घासत नव्हता, नुसता टेकलेला.

थंडीत भावाकडे दिंडोरीला गेलो होतो. बागेत घड भरत आले होते. भाऊ पुढं, मिस्टर मधे, मी मागं. ओळीच्या टोकाला मांडव ताणून धरणारी जाड तार खांबापासून तिरकी जमिनीत गेलेली असते. स्वच्छ ऊन होतं. भाऊ तिला वळसा घालून गेला आणि मिस्टर सरळ तिच्यावर चालत गेले. तार गालावर बसली, चष्मा खाली पडला.

"दाजी, समोर बघा ना!" भाऊ ओरडला.

ते वाकून मातीत चष्मा चाचपत होते. चष्मा त्यांच्या उजव्या पायाशीच पडला होता. मला दिसत होता. भावालाही दिसत होता. भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी चष्मा उचलून त्यांच्या हातात दिला. परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ."

"आता थोडंच राहिलंय," ते म्हणाले. "ते भरू, मग तू म्हणशील तिथं येतो."

ओढत नेलं असतं तरी ते आले नसते. मी तो शब्द धरून ठेवला.

शेवटची रक्कम भरायला आम्ही दोघं सुट्टी काढून गेलो. घराचे मूळ कागद परत मिळणार होते. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज पुढं सरकवला. मिस्टरांनी सही केली ती चौकटीच्या बाहेर, छापलेल्या ओळीवर. बाई म्हणाल्या, "सर, इथं करा," आणि दुसरा कागद दिला. ती सही पहिल्यापेक्षाही लांब पडली.

"सर, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

मी त्यांचा हात धरला, पेनाचं टोक चौकटीत टेकवलं आणि म्हटलं, "आता करा." त्यांनी सही केली. बाईंनी हसून अभिनंदन केलं. मिस्टरांनी मूळ कागद चाचपत पिशवीत घातले.

बाहेर चहाच्या टपरीशी बाकड्यावर बसलो. ते आपणहून बोलले.

"काचबिंदू आहे. शिबिरातच सांगितलं होतं. उजव्याने जवळजवळ काही दिसत नाही. डाव्याने समोरचं दिसतं, बाजूचं नाही."

"औषध?"

"थेंब आहेत. कारखान्यात घालतो. बाटली कँटीनच्या फ्रीजमध्ये ठेवलीये."

"रोज घालता?"

त्यांनी कागदांची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "डाव्यात घालतो. उजवा तसाही जाणारच होता. एकाच डोळ्यात घातले की बाटली दुप्पट दिवस पुरते."

हे त्यांनी बाजार उठताना भाजी घेतल्याच्या सुरात सांगितलं. मला समोरचा रस्ता दिसेना.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू सगळे पैसे दवाखान्यात घातले असतेस. तपासणीच्या माणसाला दिसत नाही म्हटल्यावर कारखाना ठेवेल का? मग हप्ता कोण भरणार?" ते पुढं म्हणाले, "लहानपणी घरमालकाने आमची भांडी रस्त्यावर काढली होती. आई एकेक भांडं पदराने पुसून पोत्यात भरत होती आणि लोक बघत होते. ते मला अजून नीट दिसतं. तुम्हा दोघींवर ती वेळ यायला नको होती."

मी ओरडले, टपरीवाल्यासमोर. "घर राहिलं आणि डोळा गेला! कुणी सांगितला होता हा सौदा करायला?" ते मान खाली घालून बसून राहिले. मांडीवर कागदांची पिशवी दोन्ही हातांनी धरलेली होती.

तिथूनच त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली धरून ठेवायचा प्रयत्न करू." डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. कारखान्यात मी स्वतः जाऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी मिस्टरांना तपासणीवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं, पगार थोडा कमी केला, पण नोकरी ठेवली. "आधी बोलला असता तर आधीच केलं असतं," साहेब म्हणाले. हे वाक्य मी घरी सांगितलं नाही.

थेंब आता मीच घालते, सकाळ-संध्याकाळ, दोन्ही डोळ्यांत. उजव्याला उपयोग नाही हे डॉक्टरांनी सांगितलंय, तरी दुखू नये म्हणून घालायचे असतात. एरवी ते स्वस्थ असतात. मुलगी कॉलेजच्या गमती सांगते, ते हसतात.

दर काही महिन्यांनी डाव्या डोळ्याच्या नजरेच्या आवाक्याची तपासणी असते. अंधाऱ्या खोलीत, एका मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं आणि कडेला कुठंही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मला दाराशी बसू देतात. तिथून ठिपके दिसत नाहीत, फक्त बटणाची टिकटिक ऐकू येते. मागच्या वेळी ती बराच वेळ नीट चालली. मग थांबली. मी वाट बघितली. यंत्राची घरघर चालूच होती, म्हणजे ठिपके येतच होते.