लाकडाचा पडदा

कपड्यांच्या कारखान्यात सगळे तिला कटिंगबाई म्हणत. एकतीस वर्षं तिनं कापणीच्या लांबलचक टेबलाशी उभं राहून काढली. एका मापाच्या शर्टावरून बाकीची सात मापं ती कागदावर अशी उतरवायची की शिवणाऱ्याला बोट ठेवायला जागा नसे. मग तिचा उजवा हात थरथरू लागला. हे थांबणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. एका दुपारी कापडाच्या साठ थरांचा गठ्ठा बोटभर वाकडा कापला गेला. तिनं स्वतःच कात्री ठेवली आणि घरी बसली.

तिच्या भाचीची छोटी कार्यशाळा होती. कॉम्प्युटरवर आकार काढायचा आणि यंत्रानं तो प्लायवूडमधून कापायचा, असं तिथलं काम. वाचनालयाच्या जिन्याजवळची मोठी भिंत भाचीला सजवायला मिळाली होती. तिला तिथं लाकडाचा पडदा करायचा होता, वरून सोडलेल्या कापडासारखा. मावशीचं घरात मन रमत नाही, म्हणून भाची तिला सोबत कार्यशाळेत घेऊन जायची.

तिसऱ्या दिवशी मावशी पडद्याच्या चित्राकडे बघून म्हणाली, "कापड असं पडत नाही गं."

"मग कसं पडतं?"

मावशीनं टेबलावरची चादर ओढली आणि दोन खिळ्यांना अडकवली. "बघ. वर चुण्या बारीक, खाली येताना पसरतात. कापड जाड असेल तर चुण्या मोजक्याच."

भाचीनं कॉम्प्युटरमध्ये चुण्यांची संख्या, खोली, कापडाची जाडी असे आकडे मांडले. एक आकडा बदलला की सगळा पडदा आपोआप सरकून नव्यानं बसे. मावशी खुर्ची ओढून पुढे आली. "अगं, हे तर मी जन्मभर कागदावर केलं! गळा वाढला की खांदा सरकतो, तसंच की."

डाव्या हातात माऊस धरायला तिला महिना लागला. पडदा प्लायवूडच्या पट्ट्या एकमेकींच्या खाचांत अडकवून उभा राहणार होता. पहिले तुकडे कापून आले तेव्हा पट्ट्या खाचांमध्ये लटलट हलत होत्या. भाची रडकुंडीला आली. मावशीनं एका पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं. "बारा मिलिमीटर कोण म्हणालं हिला?"

"दुकानदार."

"आणि तू ऐकलंस?"

मोजलं तर साडेअकरा भरली. जाडीचा एक आकडा बदलला आणि दोनशेच्या वर खाचा एका झटक्यात अरुंद झाल्या.

मग एक दिवस मावशीनं पडद्याची खालची कड पाहिली. कड कापरी होती. मावशीनं उजव्या हातानं वहीत काढलेली वेडीवाकडी रेघ भाचीनं तिथं उतरवली होती.

"लोक थांबतील मावशी. तुझी गोष्ट विचारतील."

मावशीनं नकारार्थी मान हलवली. "हात आजारी आहे माझा. माझं काम कधी आजारी नव्हतं."

भाचीचा चेहरा पडला. दुसरा अख्खा दिवस दोघी कामापुरतंच बोलल्या. संध्याकाळी भाचीनं ती रेघ पुसली आणि खुर्ची मावशीकडे सरकवली. मावशीनं आकडे घालत घालत नवी कड काढली, स्वच्छ, सलग, जराशी डावीकडे उतरणारी.

पडदा लागला त्या दिवशी कारखान्यातली एक जुनी शिवणारी आली होती. ती लांबून बघत राहिली, मग जवळ जाऊन हात लावला आणि मोठ्यानं हसली. "फसले की! जाड सुती वाटलं, तिरकं कापलेलं. कुणी कापलं?"

"यंत्रानं," मावशी म्हणाली. आणि जरा थांबून, "मी सांगितलं तसं."

लोक पांगले तरी मावशी भिंतीसमोरून हलेना. भाचीला वाटलं, डोळे भरून आले असतील.

"सत्तावन्नावी पट्टी उलटी बसवलीय," मावशी म्हणाली. "उद्या सकाळी शिडी घेऊन ये."