राब जाळून मागितलेली मदत

मंडळी, पेठजवळच्या डोंगरावरून आत्ताच घरी आलोय. डोकं फिरलंय आणि खरं सांगू, किळस आलीय.

आपल्या ट्रेकिंग कम्युनिटीतले तिघं तिथे गेले होते, त्यातल्या एकाचा उतरताना पाय मुरगळला. मग शिबिरात शिकलेलं आठवून त्यांनी मदतीसाठी धूर केला. कशाचा? खालच्या बांधावर रचलेला पाला, फांद्या, शेणी वर ओढून नेऊन! भाताच्या रोपांची जमीन भाजायला एका घराने हिवाळाभर जमवलेला राब होता तो.

धूर बघून कुणी आलं नाही. येणार कसं? सध्या तिकडे शेताशेतात राबच जळतोय.

उशीर झाला म्हणून मी त्यांना शोधत वर पोचलो, तर हे ऑर्कुटवर टाकायला धुराचे फोटो काढत होते.

त्याला खाली उचलून आणलं कुणी? ज्यांचा राब गेला, त्याच मावशींच्या मुलांनी. मावशी एवढंच म्हणाल्या, "धूर कशाला केला? आरोळी मारायची ना. आमचं घर तं समोरच दिसतंय."

त्यावर आपला एक हिरो हसून म्हणाला, "मावशी, ट्रेनिंग तसंच असतं."

शी!

आता तुम्हीच सांगा, घर समोर दिसत असताना यांच्या तोंडून एक हाक का निघाली नाही?