कुठलं बोलू?

कापसाचा तंतू केसांत अडकला की तो किती चिवटपणे धरून राहतो, हे मला माझ्या लेकीमुळे कळले. कडेगावला असताना शाळा सुटून घरी आले की मी रेवाला अंगणात पुढ्यात घेऊन बसत असे आणि तिच्या कुरळ्या केसांतले ते शुभ्र, मऊ, वाऱ्याच्या हलक्या झुळकेनेही थरथरणारे पुंजके एकेक करून वेचत असे. उतरत्या उन्हात त्यांना सोनेरी कड येई. आणि ते वेचताना माझ्या कानांवर दिवसभराच्या हकिकतींचा अखंड अभिषेक चाललेला असे!

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. रेवाचे बाबा नोकरीसाठी साताऱ्याला, आठवड्यातून एकदा येणारे. त्यामुळे अडीच वर्षांची रेवा दिवसभर शेजारच्या जैनबमावशींकडे राही. मावशींचा गाद्या भरण्याचा धंदा. दारातच कापूस पिंजण्याचे यंत्र घरघरायचे आणि त्या आवाजाच्या वर आवाज काढून मावशी गिऱ्हाइकांशी, शेजारणींशी, कोंबड्यांशी सारख्याच आपुलकीने बोलत राहायच्या. त्या बोलण्यातच माझी लेक वाढली. “आई, आज लय ऊन हाय,” ती मला सांगे. “बाबा कवा येनार?” मला हसू येई आणि कौतुकही वाटे.

एकदा ती म्हणाली, “मावशीनं गादी भरली, मी बी काम करलं.” मी थबकले. ‘करलं’! हा शब्द तिला कोणी शिकवला होता? मावशी ‘केलं’ म्हणत, मीही ‘केलं’च म्हणत असे. पण भरणे-भरलं, धरणे-धरलं हे ऐकता ऐकता त्या चिमुकल्या मस्तकाने आपल्या आपण एक नियम शोधून काढला होता आणि तो निष्ठेने पाळला होता. चूक तिची नव्हती. नियम मोडला होता तो भाषेनेच! वीस वर्षे व्याकरण शिकवणाऱ्या मला त्या दिवशी प्रथमच व्याकरण जन्माला येताना दिसले. कुठल्या फळ्यावर, कुठल्या पुस्तकात असे दर्शन घडले असते?

मग माझी सांगलीला बदली झाली. रेवा चार वर्षांची झाली होती. घराजवळच्या बालवाडीत तिचे नाव घातले. पंधरा दिवसांनी तिच्या शिक्षिकेने मला थांबवून घेतले. बाई स्वभावाने चांगल्या, मोठ्या संकोचानेच बोलल्या, “मॅडम, राग मानू नका. तुम्ही स्वतः मराठी शिकवता ना? मग रेवाचं बोलणं असं कसं? बाकीची मुलं हसतात तिला.”

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. ते शब्द मला लेकीच्या काळजीपोटी लागले की माझ्या प्रतिष्ठेपोटी? आज प्रामाणिकपणे सांगते, प्रतिष्ठेपोटीच. त्या संध्याकाळपासून मी रेवाला दुरुस्त करू लागले. ‘हाय’ नाही, ‘आहे’ म्हण. ‘न्हाई’ नाही, ‘नाही’. ‘कवा’ नाही, ‘केव्हा’. जेवताना, वेणी घालताना, रेकणाऱ्या म्हशीकडे बोट दाखवून ती आनंदाने काही सांगू लागली तरीही! मुलांच्या वह्यांतल्या चुकांवर लाल शाईने गोल करण्याची सवय हातात मुरलेली. तीच शाई मी तिच्या बोलण्यावर सांडत होते, आणि मला वाटत होते की मी तिला घडवते आहे.

महिनाभरात तिची वाक्ये आखूड झाली. मग शब्द झाले. मग नुसती मान हलू लागली. तहान लागली की ती तांब्याकडे बोट दाखवी. बालवाडीत तर ती दिवसदिवस एक अक्षर बोलत नसे. “शांत झाली हो आता,” असे शेजारी म्हणत, आणि मीही स्वतःची समजूत घालत असे की मूल मोठे होऊ लागले की गंभीर होतेच. आईला स्वतःलाच फसवायचे असले की किती सुंदर कारणे सापडतात!

एका रविवारी दुपारी जैनबमावशींचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर त्यांचा हसरा चेहरा उमटताच रेवाचे डोळे लकाकले. तिने मोबाइल दोन्ही हातांनी धरला, ओठ विलग केले... आणि तिने मावशींकडे न बघता माझ्याकडे पाहिले.

“का गं बाय, बोलंना झालीस? रुसलीस व्हय मावशीवर?” मावशी विचारत होत्या.

रेवाने एक हात तोंडावर ठेवला आणि बोटांच्या फटीतून मला हळूच विचारले, “आई, कुठलं बोलू?”

चार वर्षांचे मूल! प्रेमाच्या माणसाशी बोलण्याआधी त्याला परवानगी घ्यावी लागत होती, आणि ती परवानगी देणारी मी होते. मी कशीबशी म्हणाले, “तुला येईल ते बोल, राणी.” पण ती त्या दिवशी नाहीच बोलली. मोबाइल माझ्या हातात देऊन आत निघून गेली.

मी मावशींना सगळे सांगितले. त्या जराही रागावल्या नाहीत. इतकेच म्हणाल्या, “आवं बाई, आदी तिला बोलू तर द्या. सुधरायचं काय ते मागनं बगू की.”

संध्याकाळी मी रेवाला मांडीवर घेतले. “रेवा, आईचं चुकलं,” मी म्हणाले. तिने बराच वेळ माझा चेहरा न्याहाळला. 

“मग ‘हाय’ म्हटलं तर चालतंय?”

“चालतंय. ‘आहे’पण चालतं. दोन्ही आपलीच.”

दुसऱ्या दिवशी मी तिच्या शिक्षिकेलाही हेच सांगितले आणि त्यांनी ते मनापासून ऐकून घेतले. रेवाचा आवाज मात्र एका दिवसात परतला नाही. तो आधी अंघोळीच्या वेळी परतला, मग बाबांच्या पाठीवर, मग जिन्यावर. आणि मी? मी गप्प राहायला शिकत होते. कितीदा जिभेवर आलेले ‘आहे’ मी गिळले, ते माझे मला ठाऊक!

दिवाळीनंतर बालवाडीत आटपाडीहून एक नवी मुलगी आली. मी रेवाला सोडायला गेले, तेव्हा ती नवी मुलगी दाराच्या गजांना घट्ट धरून हुंदके देत होती. तिची आई नुकतीच निघून गेली होती. शिक्षिका तिच्याशी गोड, मऊ शब्दांत बोलत होत्या. पण ते शब्द तिच्यापर्यंत पोचतच नव्हते. माझ्या हातातून आपले बोट सोडवून रेवा तिच्यापाशी गेली आणि शेजारी उकिडवी बसली.

“रडू नगं,” ती म्हणाली. “माजी आई बी रोज जाती. आन् परत येती. खरंच येती. तुला काय पायजे?”

मुलीने हुंदका थांबवला. रेवाच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटली. रेवा उभी राहिली, शिक्षिकेकडे वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “टीचर, तिला शू लागली आहे!”

शिक्षिका हसल्या, मीही हसले, आणि माझे डोळे केव्हा भरून आले ते कळलेच नाही. दोन काठांवर दोन बोली, आणि मधून माझी लेक सहज, कोरड्या पायांनी ये-जा करत होती. तो पूल मी बांधला नव्हता. मी तर तो जवळजवळ पाडलाच होता! मूल आपल्याला न विचारता केवढे काही उभारत असते. आपण फक्त वाटेतून बाजूला व्हायचे असते, पण तेवढेच आपल्याला किती उशिरा उमगते.

रेवाने नव्या मैत्रिणीचा हात धरला. आत जाता जाता तिला मी अजून दारातच उभी दिसले.

“आई,” ती जराशी वैतागून म्हणाली, “तू जा की आता!”

मी गेले.