मुंग्या गेल्या का?

मधू गेल्याचा फोन वहिनींनी स्वतः केला. “सकाळचा चहा घेतला, पेपर उघडला आणि... भाऊजी, तुम्ही या,” एवढंच म्हणाल्या. मी दुकानात एका टीव्हीचं झाकण उघडून बसलो होतो, ते तसंच टाकून निघालो. त्याला आता महिना झाला. रडून झालं आहे, आणि खरं सांगायचं तर मधू आठवला की हसूच जास्त येतं.

शाळेत आमचा बाक एक. पुढे तो डॉक्टर झाला, गंगापूर रोडवर सोनोग्राफीचं क्लिनिक काढलं. मी टीव्ही दुरुस्त करत राहिलो. नव्वदच्या दशकात त्याने मुंबईहून एक वापरलेलं डॉप्लर मशीन आणलं. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या शिरा त्यावर दिसायच्या. त्या अरुंद झाल्या असतील तर लकव्याच्या आधीच कळायचं. म्हणजे कळायला हवं होतं. पण पडद्यावर सारख्या मुंग्या, आणि शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की वारूळच फुटायचं. मशीनवाल्यांचा माणूस दोनदा येऊन ‘सगळं ठीक आहे’ सांगून गेला. “असल्या चित्रावर रिपोर्ट लिहायचा म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ आहे रे,” मधू म्हणाला. मी विचारलं, एवढा शिकलास, अर्थिंग तपासलंस का? नव्हतं तपासलं. मग मागच्या अंगणात खड्डा खणून मी तांब्याची पट्टी पुरली, कोळसा-मीठ भरलं आणि मशीनला वेगळी वायर ओढली.

वायर जोडली त्या दिवशी टेबलावर घोटीचे एक भातशेतकरी होते, चक्कर येते म्हणून आलेले. मधूने त्यांना आधीच पुस्तकी मराठीत विचारलं होतं, “बधिरपणा वगैरे जाणवतो का?” त्यावर ते म्हणाले, “नाय, कानाला झकास ऐकू येतं.” मधू घाईत होता, त्याने ‘नाही’ लिहून टाकलं. हे त्यानेच नंतर कबूल केलं. इकडे मी वायर आवळून खिडकीबाहेरून ओरडलो, “मुंग्या गेल्या का रे?” मधूच्या आधी टेबलावरच्या त्या शेतकरी बाबांचा आवाज आला, “गेल्या की. सकाळी आल्त्या उजव्या हाताला, घटकाभरात गेल्या. परवाबी तसंच झालं.”

मधू हळूच म्हणाला, “बाबा, हे आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही इचारलंच नाय.”

त्याने मला आत बोलावलं. गिरणी चालू होती आणि चित्र स्वच्छ होतं. मानेच्या डाव्या बाजूला, जिथे आधी नुसता धुरळा दिसला होता, तिथे शिरेची वाट सुतासारखी बारीक झालेली. मधूने मानेवर टेकवलेला प्रोब तिरका करून पुन्हा पाहिलं. “मशीनचा खोटेपणा कोन बदलला की हलतो. हे हलत नाहीये,” म्हणाला. त्याच दुपारी बाबांना ऑपरेशनसाठी मुंबईला धाडलं. पुढे कित्येक वर्षं ते सुगीनंतर भेटायला येत, उजव्या हातात चहाचा कप धरत आणि सगळं श्रेय मला देत. मधूलाही ते मान्य होतं, मी मात्र उगाच फुगायचो.

‘बधिरपणा’ हा शब्द त्याने त्या दिवशी सोडला. प्रत्येकाला विचारायचा, मुंग्या येतात का? आणि रोज सकाळी आधी अर्थिंगच्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतायचा, कारण माती कोरडी पडली की पडद्यावरच्या मुंग्या परत यायच्या. घरच्या तुळशीला कधी घातलंस का एवढ्या भक्तीने, असं मी चिडवायचो. पुढे नवी मशीनं आली, खड्डा तोच राहिला.

परवा तिकडे गेलो होतो. त्याची लेक रेवती आता क्लिनिक सांभाळते. खड्ड्याच्या कडेला तांब्या पालथा पडला होता आणि माती भेगाळली होती. महिनाभर हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. फार वाईट वाटलं. नळावरून तांब्या भरून आणून ओतला, मातीने तो गटागटा पिऊन टाकला. दुसरा ओतत होतो, तेवढ्यात खिडकीतून रेवतीचा आवाज आला. कुणा पेशंटला ती अगदी बापाच्या सुरात विचारत होती, “मुंग्या येतात का हो?”

मी बाहेरूनच म्हणालो, “गेल्या.”