सगळे उतरल्यावर जेवणारे अण्णा

आदरणीय मल्लिनाथ अण्णा बिराजदार यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा अण्णा जमिनीवर उभे होते आणि मी डोकं खाली, पाय वर अशी दोराला लटकत होते. चिंचोळी एमआयडीसीतल्या त्यांच्या प्रशिक्षण केंद्रातला तो माझा पहिला दिवस. आयटीआयला फिटरचा कोर्स केलेली मी नातेपुत्याची मुलगी, 'मला सगळं जमतं' या तोऱ्यात आले होते. अंगाला बांधायचे पट्टे कुणाला हात लावू न देता स्वतःच आवळले आणि छातीचा पट्टा सैलच राहिला. अण्णांच्या ते आधीच लक्षात आलं होतं. जमीन जेमतेम हातभर खाली असताना त्यांनी मला मुद्दाम लटकू दिलं आणि खाली वाकून विचारलं, "तंगी, तितनं सोलापूर कसं दिसतंय?"

अण्णा मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळे मराठी बोलतानाही कानडी मधूनच डोकावते. 'तंगी' म्हणजे धाकटी बहीण. त्या दिवशी मला लागलेलं हे नाव आजही टिकून आहे. अण्णांना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्यांच्याच केंद्रात प्रशिक्षक म्हणून काम करणाऱ्या या तंगीला गौरवग्रंथासाठी लिहायला सांगण्यात आलं आहे. माझं तोंड फटकळ आहे हे संपादक मंडळाला ठाऊक असूनही त्यांनी ही जोखीम पत्करली, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

आमचं काम काय, हे वाचकांना थोडक्यात सांगायला हवं. कारखान्याची चिमणी, उंच टाकी, पुलाचा खालचा भाग अशा परांची बांधता येत नाही तिथे आम्ही दोरावरून उतरतो आणि लटकत्या स्थितीत रंगकाम, वेल्डिंग किंवा तपासणी करतो. प्रत्येक माणसाला दोन दोर असतात आणि ते दोन वेगळ्या ठिकाणी बांधलेले असतात. आमच्या केंद्रात पांढरा दोर कामाचा आणि लाल दोर जिवाचा. पांढरा तुटला तर लाल दोराने माणसाला धरायचं, एवढा साधा हिशेब. हे काम करायला प्रमाणपत्र लागतं, त्याची परीक्षा बाहेरून आलेले परीक्षक घेतात आणि तीन वर्षांनी ती पुन्हा द्यावी लागते. अनुभवी लोकांना याचा फार राग येतो. एकदा अशाच एका चिडलेल्या गड्याला अण्णांनी दोराच्या वेटोळ्यावर हात ठेवून विचारलं होतं, "याला मुदत हाय, मग आपल्याला नको व्हय?"

परीक्षेसाठी शिकावं लागतं त्यापलीकडे अण्णांचे स्वतःचे दोन नियम आहेत. पहिला 'थांबा'चा. वर असो वा खाली, कुणीही 'थांबा' म्हटलं की सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं. का, कशाला, तू कोण, हे प्रश्न नंतर. मी नवीन असताना एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या बुटाची नाडी सुटलेली पाहून जोरात 'थांबा' ओरडले. काम ठप्प झालं आणि कारण कळल्यावर सगळी शेड हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी सर्वांना खाली उतरवलं, चहा मागवला आणि पहिला कप माझ्या हातात दिला. म्हणाले, "उद्या ही खरंच काय बघील, आन् आजचं हसू आटवून गप बसंल. मग काय करशीला?" त्यानंतर 'थांबा' म्हणणाऱ्याला कुणी हसल्याचं मी पाहिलेलं नाही.

दुसरा नियम फोनचा. अण्णांच्या हाताखाली शिकलेला माणूस कुठेही कामाला असो, संध्याकाळी खाली आला की त्याने अण्णांना फोन करून एकच शब्द सांगायचा: 'उतरलो'. अण्णा म्हणतात, "बरं. जेव आता." सगळ्यांचे फोन आल्याशिवाय ते स्वतः ताटावर बसत नाहीत. ही सवय त्यांना परांचीवर काम करण्याच्या दिवसांत लागली. जेवायला पंगत बसल्यावर एक ताट रिकामं राहिलं आणि मग कळलं, की एक सहकारी टाकीवर अडकून बेशुद्ध पडला आहे. तो माणूस वाचला, आजही धडधाकट आहे. पण रिकामं ताट अण्णांच्या डोळ्यांसमोरून हललं नाही. महानंदा वहिनींनी या फोनपायी किती वेळा आमटी पुन्हा गरम केली असेल याची गणतीच नको. आखातात गेलेला एखादा पठ्ठ्या फोन करायला विसरला, की वहिनी त्याचा जो उद्धार करतात, तो या ग्रंथात छापण्याजोगा नाही.

अण्णांच्या मायेचा एक प्रसंग सांगते. पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. ते कळल्यावर माझी आई नातेपुत्याहून मला घरी न्यायला आली. "पोरीच्या जातीनं माकडागत लटकायचं? लोकं काय म्हंतील?" असं ती शेडच्या दारातूनच सुरू झाली. अण्णांनी वाद घातला नाही. "आक्का, आदी बगा, मग न्या," म्हणाले आणि स्वतःच्या बहिणीला घालावेत तशा काळजीने तिला लुगड्यावरून पट्टे घातले. एकेक पट्टा मला हात लावून तपासायला लावला आणि वीतभर उंच उचललं. आईने आधी डोळे मिटून घेतले. मग एक डोळा उघडला. मग झोका घेतला. "अगं, लई घट्ट हाय की हे! पडतच न्हाय माणूस!" आई त्या दिवशी एकटीच परत गेली. पुढच्या परीक्षेत मी पास झाले त्याचे पेढे गावात तिनेच वाटले.

आता जो प्रसंग लिहिणार आहे, तो गौरवग्रंथात शोभेल का, असं मी खुद्द अण्णांनाच विचारलं. ते म्हणाले, "तेच लिव. बाकीचं न्हाई लिवलंस तरी चालंल."

मागच्या उन्हाळ्यात एका कारखान्याच्या उंच टाकीवर आमचं काम होतं. टाकीच्या माथ्यावर कठड्याशी अण्णा खाली उतरायच्या तयारीत होते. रिवाजाप्रमाणे मी त्यांचे पट्टे, कड्या आणि दोन्ही दोर हात लावून तपासले होते. सगळं चोख होतं. तेवढ्यात कारखान्याचे व्यवस्थापक जिना चढून वर आले. वाट अरुंद, म्हणून अण्णांनी कठड्याला अडकवलेली कमरेची आखूड दोरी तशीच ठेवून दोन्ही दोर सोडले, बाजूला होऊन त्यांना जागा दिली. नमस्कार-चमत्कार झाले. व्यवस्थापक काहीतरी विचारत होते, अण्णा अदबीने उत्तर देत होते आणि बोलता बोलताच त्यांचे हात दोर पुन्हा अडकवत होते. तपासणी झालेली आहे, हे त्यांच्याही डोक्यात होतं आणि माझ्याही. त्यांनी कमरेची दोरी सोडली आणि एक पाय कठड्यापलीकडे टाकला.

मला लाल दोर दिसला. तो मोकळा लोंबत होता. त्याला एकही कडी लावलेली नव्हती. अण्णांनी दोन्ही कड्या पांढऱ्या दोरावरच लावल्या होत्या.

खरं सांगते, क्षणभर मी कचरले. समोर ज्यांनी मला दोर धरायला शिकवलं ते अण्णा, बाजूला कारखान्याचे मोठे साहेब, भोवती शिकाऊ मुलं. मग ओरडले, "थांबा!"

अण्णा थांबले. का ते विचारलं नाही, माझ्याकडे वळून पाहिलंही नाही. पलीकडचा पाय अलगद आत घेतला, कमरेची दोरी कठड्याला लावली आणि मगच म्हणाले, "बोल, तंगी." मी नुसतं लाल दोराकडे बोट केलं. त्यांनी पाहिलं. मग दोघांनी मिळून पांढरा दोर तपासला, तर तो घासू नये म्हणून कठड्याच्या काठावर घातलेलं जाड गोणपाट या सगळ्या हलवाहलवीत सरकलं होतं आणि दोर थेट पत्र्याच्या धारेवर आला होता. मी ते गोणपाट ओढून पुन्हा धारेवर नीट बसवलं.

अण्णांनी शिकाऊ मुलांना जवळ बोलावलं आणि व्यवस्थापकांसमोरच सांगितलं, "दोर सोडला की तपासणी संपली. नव्यानं करायची. मी केली न्हाय. हे बगून ठिवा." मग पट्टे उतरवले. "आज मी दोरावर जाणार न्हाय. डोकं ठिकाणावर न्हाय." आणि अण्णा जिन्याने खाली गेले.

त्या संध्याकाळी माझा फोन वाजला. एरवी अण्णा कुणाला फोन करत नाहीत, आम्हीच त्यांना करतो. पलीकडून त्यांचा आवाज आला, "तंगी, उतरलो." 'बरं, जेवा आता' असं मी म्हणायला हवं होतं. मी रडतच राहिले.

अण्णांचं प्रमाणपत्र नूतनीकरणाला आलंच होतं. ते आता दोर सोडतील, असं पुष्कळांनी गृहीत धरलं. मलाही तीच धास्ती होती, कारण त्यांच्या प्रमाणपत्राशिवाय केंद्र चालणार नाही आणि माझ्या ओरडण्याने त्यांचं मन मोडलं असेल तर मी कुणाला तोंड दाखवणार होते? अण्णांनी भलतंच केलं. पुढच्या तुकडीत ते विद्यार्थी म्हणून येऊन बसले, आणि शिकवायला मी. नवशिक्यांबरोबर गाठी बांधल्या, माझी बोलणी खाल्ली. एकदा रागाच्या भरात मी "अहो, लक्ष कुठंय?" म्हणाले आणि जीभ चावली. अण्णा म्हणाले, "हितंच हाय, बाई," आणि गाठ सोडून पुन्हा बांधली.

परीक्षेत दोरावर अडकलेल्या जखमी माणसाला सोडवून खाली आणायचं असतं. जखमी म्हणून मलाच लटकवलं. जखमीने बोलायचं नसतं, आणि माझ्यासारखीला याहून मोठी शिक्षा नाही. अण्णा वर आले. त्यांनी माझा भार स्वतःवर घेतला, दोन्ही दोरांना एकेक करून हात लावला, आधी पांढरा, मग लाल, मग पुन्हा पांढरा. परीक्षक खालून पाहत होते, पण मी फक्त अण्णांच्या हातांकडे पाहत होते. हात जराही घाईत नव्हते. माझ्या टाचा जमिनीला लागल्या आणि छातीवरचा धोंडा उतरला. परीक्षकांनी 'उत्तीर्ण' म्हटल्याचं मला इतरांनी नंतर सांगितलं.

निकालानंतर वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावून शेंगाचटणीचा डबा हातात ठेवला. "तुझ्या तोंडाला लगाम न्हाय म्हणून मी लई येळा रागावलीया तुला," त्या म्हणाल्या. "आता हाय तसंच ऱ्हाऊ दे गं, बाई." माझ्या बोलण्याचं असं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.

अण्णा, षष्ट्यब्दिपूर्तीच्या या आनंदाच्या क्षणी तुमच्या सगळ्या शिष्यांच्या वतीने तुम्हाला वंदन करते. तुमचे गुडघे ठणठणीत राहोत, नजर तेज राहो आणि वहिनींची आमटी तुम्हाला वेळेवर, गरमागरम मिळो. दर तीन वर्षांनी परीक्षेला बसा, मी खाली उभी राहीन आणि गरज पडली तर ओरडेन. बाकी आमचं आम्ही सांभाळू. काम संपलं की रोज नीट उतरू आणि तुम्हाला फोन करू. पलीकडून 'बरं, जेव आता' म्हणायला तुम्ही असा.