उत्तर न देणारी चिप
मार्चमधला शेवटचा शनिवार. चाकणच्या आमच्या कंपनीतून बिनतारी संदेश पाठवणारे तीनशे ऐंशी वायरलेस डबे जायचे होते, एकेक तीन हजारांचा, म्हणजे अकरा लाख चाळीस हजारांचा माल. टेस्टिंगच्या टेबलाशी हजर तिघे: प्रॉडक्शन मॅनेजर, डब्यातल्या चिपचा ड्रायव्हर (म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम) लिहिणारा लातूरकडचा इंजिनिअर, आणि क्वालिटीतला मी. इंजिनिअर कंत्राटावर होता. सोमवारी त्याला कायम केल्याचं पत्र मिळणार होतं. त्या भरवशावर कासारवाडीची खोली सोडून मोठं घर भाड्यानं घ्यायचं आणि बायकोला गावाहून आणायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

डबा सुरू झाला की ड्रायव्हर चिपला पुन्हा पुन्हा विचारतो, तयार आहेस का? ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही, तर विचारणं फसलं. जुना ड्रायव्हर ते फसणं गिळून पुढं जायचा आणि दिवा हिरवा लावायचा. या इंजिनिअरनं दुरुस्ती केली: उत्तर नाही तर तिथंच थांबायचं, चिप बंद करायची, चूक वर कळवायची, दिवा लाल. तेवीस डबे लाल निघाले. लाइन थांबली.

“कालपर्यंत सगळे हिरवे होते, राव,” मॅनेजर म्हणाला. “तू हात लावलास आणि रोग लागला?”

“सर, कालही ते मुकेच होते. आज दिसतंय, एवढंच.”

“ती दुरुस्ती काढ.”

“काढली तर नुसता दिवा लागेल. गिऱ्हाइकाकडे डबा बोलणार नाही.”

“आपण दिवाच विकतो. काढतोस का?”

“नाही, सर.”

शेजारच्या टेबलावरच्यानं जुना ड्रायव्हर परत चढवला. तेवीसही हिरवे झाले. मी ‘पास’वर सही करेना, तेव्हा मॅनेजरनं स्वतः केली. ट्रक गेला.

आमच्याकडं रिवाज आहे: ज्याच्यामुळं लाइन थांबली, त्यानं शिफ्ट सुटल्यावर गेटवरच्या गाडीवर सगळ्यांना वडापाव द्यायचा. एरवी हा थट्टेचा दंड. लाइनवरच्यांनी त्याला गराडा घातला. “भावा, तेवीस डबे मारलेस, दोन-दोन लागतील!”

मॅनेजरही आला. मिरची चावत म्हणाला, “सोमवारी येऊ नकोस. तुझं पत्र फाडलंय.”

दोघेतिघे हसले, त्यांना ती गंमत वाटली. मॅनेजरनं दुसरा वडापाव उचलला.

इंजिनिअरनं गाडीवाल्याला विचारलं, “मामा, किती झाले?”

बेचाळीस माणसं, चौऱ्याऐंशी वडापाव, वीसनं सोळाशे ऐंशी. ते त्यानं गाडीवाल्याला मोबाइलवरून दिले.